मी आणलेला डावा कौल

आमच्या गावचे निर्णय गावात होत नाहीत, लालबागच्या एका खोलीत होतात. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. आजोबांच्या पिढीतल्या गिरणी कामगारांनी ती गावाच्या नावाने घेतली, तेव्हा तिच्यात पाळीपाळीने तीस-पस्तीस माणसं झोपायची, भिंतीला ट्रंका लावून. आता तिथे कोणी झोपत नाही. ट्रंका गेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता मुंबई मंडळाची सभा भरते आणि देवळाला रंग कोणता द्यायचा, पालखी कुठल्या वाटेने न्यायची, विहिरीचा गाळ कधी काढायचा, हे सगळं तिथे ठरतं. गावात राहणारी माणसं त्याला ‘मुंबईचा निरोप’ म्हणतात. निरोप आला की कामाला लागायचं. हे बरोबर की चूक, असा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नाही, कारण मी निरोप देणाऱ्यांच्या बाजूला होतो.

त्यातही मी चिटणीस. एका खासगी कंपनीच्या आवक-जावक विभागात सगळी नोकरी केली, त्यामुळे अक्षर चांगलं आणि पत्राचा मसुदा तोंडपाठ. मंडळाच्या पत्रावर अध्यक्षांची सही असायची, पण शब्द माझे असायचे. गावात गेलो की लोक उठून उभे राहायचे. मला ते आवडायचं, पण आवडतं हे कबूल करायला मात्र आवडायचं नाही.

आमच्या गावाला रेंज नाही, हे मी मुंबईत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. गाव दरीत आहे. फोन लावायचा तर अर्धा तास सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, चढून जायचं, तिथल्या एका कातळावर उभं राहायचं आणि वारा असेल त्या दिशेला पाठ करून बोलायचं. शेजारी त्यांच्या गावाला टॉवर आला म्हणून पेढे वाटत होते तेव्हा मी म्हणालो होतो, आम्हाला नको बाबा तसलं काही. माझे दोन्ही मुलगे गणपतीत गावी येतात तेव्हा पहिला दिवस खिशात चाचपडतात, मग मुकाट्याने ओटीवर येऊन बसतात आणि माझ्याशी बोलतात. लालबागच्या घरात वर्षभर जेवढं बोलत नाहीत तेवढं त्या पाच दिवसांत बोलतात. ते सुख मला जपायचं होतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हे.

माझ्या धाकट्या चुलत भावाची बायको गावातच राहते. भाऊ गेला तेव्हा मुलगी तिसरीत होती. आम्ही सगळ्यांनी तिला मुंबईला यायला सांगितलं, ती आली नाही. म्हणाली, माझं घर आहे, मी कशाला दुसऱ्याच्या दारात राहू? तालुक्याला जाऊन तिने कॉम्प्युटर शिकून घेतला. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अंगठे, मुलांचे अर्ज, यासाठी आमच्या गावच्या माणसाचा पूर्ण दिवस जातो: सकाळची एसटी, तिथे रांग, ‘सर्व्हर डाऊन’, संध्याकाळची एसटी. हे सगळं गावातच करून देणारं केंद्र काढायचं तिने ठरवलं. पंचायत मंजुरी द्यायला तयार होती. अट एकच, आधी गावात फायबरची लाइन यायला हवी. आणि लाइन येण्यासाठी देवळासमोरच्या माळावर एक पेटी आणि सात खांब उभे करावे लागणार होते. तो माळ सामाईक. सातबाऱ्यावर चाळीसेक नावं, त्यातली निम्मी वर गेलेली, आणि उरलेले नि गेलेल्यांचे वारस सगळे गिरणगावात. म्हणजे ना हरकत पत्र लालबागच्या खोलीतून यायला हवं.

मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे फाइल ठेवली. पंचायतीचा ठराव, नकाशा, खांबांच्या जागा, सगळं झालेलं. म्हणाली, “सगळा करून ठेवलंय, भावजी. मुंबईच्या सह्या तेवढ्या रवल्यात.”

तेवढ्या. हा शब्द मला लागला. माझ्याशिवाय ठराव झाला, माझ्याशिवाय जागा मोजल्या, आणि अकरा वर्षं मंडळाचा कारभार हाकणाऱ्या माणसाकडे फक्त सह्या राहिल्या. मी चष्मा लावून फाइल उलटसुलट बघितली, चूक सापडते का ते बघितलं, सापडली नाही म्हणून आणखी राग आला. खरं कारण हे.

देवळासमोरच्या जागेचा प्रश्न असल्याने कौल घ्यावा, असं आमच्या अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं. तशी रीतच आहे. गावात विहीर खणायची असो की लग्नाचा मांडव हलवायचा असो, देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, मग सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की काम थांबवायचं. कौल घेऊन तो मुंबईला सांगायचं काम चिटणिसाचं.

त्या सकाळी देवळात चौघेच होतो: गुरव, दोन मानकरी आणि मी. भावजय बाहेर पायरीजवळ उभी होती, पदर खांद्यावरून घेतलेला, पायात चप्पल नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. “बा म्हाराजा, लेकरांच्या कामाक ही तारेची लाइन येतासा, ती तुका मानवता तर उजवो दी.” कधी कधी तास तास जातो. त्या दिवशी गुरवाने हात जोडायच्या आतच उजवी पाकळी खाली आली. भावजयीने दोन्ही हात कपाळाला लावले आणि माझ्याकडे बघून हसली. भाऊ गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “बघू. सभेपुढे ठेवतो.”

जूनच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, कौलाचं काय झालं?

“डावा,” मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे मनाशी म्हणत राहिलो. पण निघून गेलं नव्हतं. घरून खोलीपर्यंत चालत येताना मी तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला होता, कसा वाटतो ते. सभेत कुणी काही विचारलं नाही. देवाच्या निकालावर कोण काय विचारणार? कोणी च् च् केलं, कोणी म्हणालं असेल काहीतरी त्याच्या मनात, आणि विषय गणपतीच्या गाड्यांच्या बुकिंगकडे वळला. त्याच संध्याकाळी मी गावाला पत्र लिहिलं. त्यात कौलाचा उल्लेख नव्हता, आणि अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. ‘सविस्तर चर्चेअंती मुंबई मंडळाची संमती होऊ शकली नाही, तरी कळावे.’

म्हणजे मुंबईला वाटलं देव नाही म्हणाला आणि गावाला वाटलं मुंबई नाही म्हणाली. दोन्हीकडचा निरोप माझ्याच तोंडून जात होता. तुम्ही म्हणाल, फोनवर कुणी कुणाला बोललं नाही का? सडा चढून फोन करणारा माणूस औषधाचं बोलतो, परीक्षेच्या निकालाचं बोलतो, ‘मी पोचलो’ एवढं सांगतो आणि बॅटरी संपायच्या आत खाली उतरतो. कौलाच्या गप्पा मारायला तिथे कोण उभं राहील? गणपतीत सगळे गावी गेले, पण देवाने नाही म्हटलेला विषय मुंबईकर काढत नाहीत आणि मुंबईच्या नकाराचा जाब गाव विचारत नाही. ज्या गावाला मी लाइन येऊ दिली नाही, त्या गावाला रेंज नव्हती म्हणूनच माझं खोटं टिकलं.

दिवाळीनंतर भावजय मुंबईला आली. लाइन नाही म्हणून केंद्र नाही, आणि केंद्र नाही म्हणून घर चालेना. मुलीला माहेरी ठेवलं, घराला कुलूप लावलं. शिवाजी पार्कजवळ एका निवृत्त डॉक्टर जोडप्याकडे तिला दोन वेळचा स्वयंपाक करायचं काम मिळालं. राहायची आमच्याकडे. स्वयंपाकघरात ओट्यालगत अंथरूण घालायची आणि सकाळी आम्ही उठायच्या आत ते गुंडाळलेलं असायचं. माझ्या बायकोला गुडघेदुखी, म्हणून आमच्याही भाकऱ्या तीच थापून जायची. दुसऱ्याच्या दारात राहणार नाही म्हणणारी ती बाई माझ्या दारात राहात होती, आणि मी तिच्या हातची गरम भाकरी खात होतो. एकदा तिने विचारलं, “आणखी वाढू, भावजी?” मी होकाराची मान हलवली. तीही भाकरी मी खाल्ली. सांगायचं होतं मला. रोज ठरवायचो, आज सांगू. मग ती डबा भरून निघून जायची आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आता सगळ्यात जास्त शरम वाटते.

त्याच थंडीत भोईवाड्यात माझा शाळासोबती भेटला. परळच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो पुढे बसचा कंडक्टर झाला. तोही आमच्याच गावचा, पण खालच्या बौद्धवाडीचा. त्यांचं मुंबई मंडळ वेगळं, सभा वेगळी. एकाच गावची दोन मंडळं एकाच गिरणगावात पन्नास वर्षं वेगवेगळी बसतात आणि आम्हाला त्यात काही खटकत नाही. त्याने टपरीवर चहा सांगितला आणि डोळे बारीक करून म्हणाला, “काय रे, तुमचा देव नको बोलला म्हणे?”

“हो,” मी म्हणालो.

“आमचं बरंय मग. आम्हाला विचारायला कोण नाय. परवा बसलो, जागा दिली, उठलो. विहाराच्या बाजूच्या खोलीत पेटी बसणार. पंचायतवाला खूश. बोलला, वाडी बदलली तर नकाशा बदलू, त्यात काय?” त्याने मोबाइलवर मला त्यांचा ठराव दाखवला. अर्ध्या पानाचा, साधा. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यात पाच बायकांच्या. आमच्या मंडळाच्या वहीत आजवर एकाही बाईची सही नाही. मग तो म्हणाला, “आणि तुझी भावजय आहे ना, तिला सांग. केंद्रासाठी खोली पण देतो. हुशार बाई आहे, कशाला लोकांच्या भाकऱ्या थापते?”

हे मी तिला सांगितलं नाही. त्यानेच तिला गाठून सांगितलं. चैत्रात लाइन आली आणि ती आठवडाभरात गावी गेली. निघताना पाया पडली. मी म्हणालो, सुखी राहा. दुसरं काही बोलायला तोंड नव्हतं.

आता बौद्धवाडीत विहाराच्या शेजारी तिचं केंद्र चालतं. आमच्या वाडीची माणसं अंगठे द्यायला तिथे जातात. ज्या वाडीतल्या पाण्याला माझी आजी शिवत नव्हती, त्या वाडीच्या बाकावर तिचे नातू-पणतू नेटसाठी बसलेले असतात. त्यांचं चांगलंच झालं. पण वरच्या वाडीत, म्हणजे आमच्याकडे, चार-पाच म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. त्यांना चढ-उतार झेपत नाही. अंगठ्याचं यंत्र घरी न्यायचं तर तिथे लाइन हवी. म्हणून भावजयीने पुन्हा अर्ज केला, खालची लाइन वर न्यावी. त्यासाठी पुन्हा देवळासमोरचा माळ, पुन्हा सात खांब, पुन्हा लालबागची खोली.

आषाढातल्या सभेत पहिल्यांदा गावाशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. एकाने मोबाइल टीव्हीला जोडला आणि गाव खोलीत आलं. देऊळ दिसलं, माळ दिसला, लाल माती इतकी स्वच्छ दिसत होती की मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून पडद्याजवळ गेला. गाव दाखवणारा फोन भावजयीच्या हातात होता; खालच्या केंद्राचं वायफाय देवळाच्या माळापर्यंत पोचतं, वरच्या घरांपर्यंत नाही. तिने तो वाडीच्या दोरीने बांधलेल्या गेटपासून देवळापर्यंत फिरवला आणि मग गुरवाच्या तोंडासमोर धरला. आमचे अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “गुरवानू, लाइन वर न्यायला आमची ना नाही. पण गेल्या वर्षी देवाने डावा दिला होता, मग आता कसं करायचं?”

मी वहीत मान घातली.

गुरवाने कपाळाला आठ्या घातल्या. “डावो? डावो खंय? कोणी सांगल्यान तुमका? मी सोता...”

तेवढ्यात पडद्यावर एक अंगठा मोठा होत जवळ आला. भावजयीचा आवाज आला, “हॅलो, आवाज तुटता हा... आयकाक येणा नाय...” आणि पडदा काळा झाला.

परत लावून पाहिला, उचलला नाही. खोलीत हशा पिकला. हे यांचं हायस्पीड, कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, यासाठी देवाच्या माळावर खांब रोवायचे? पुढच्या वर्षी बघू. अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला आणि मला वहीत नोंद करायला सांगितली. मी लिहिलं, ‘नेट खंडित झाल्याने निर्णय होऊ शकला नाही.’ वळणदार अक्षरात. तिच्या लाइनला नावं ठेवली जात होती, आणि ती लाइन आणणाऱ्या बाईने ती स्वतः तोडली होती, का ते त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला केंद्रात, नेटवरूनच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“काल लाइन गेली होती का गो?” मी विचारलं. वेड पांघरून.

“नाय, भावजी,” ती म्हणाली. “लाइन खंय गेली? मीच बंद केलंय.”

तिच्या मागे कुणीतरी सातबाऱ्याची प्रत मागत होतं. तिने त्याला जरा थांबायला सांगितलं.

“तुला कधी कळलं?”

“तुमच्याकडे रवाक इलंय त्याच आठवड्यात. खालच्या मजल्यावरच्या आपल्या गावच्या आजी बोलल्या, देवाने डावा दिला, तुझं नशीब. पाकळी तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली.”

म्हणजे त्या सगळ्या महिन्यांत ती जाणत होती. अंथरूण गुंडाळताना, भाकरी वाढताना, पाया पडताना. मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या घरात रवान तुमका काय बोलू?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. “काल पण नको वाटला. चाळीस माणसांत गुरवाने तोंड उघडला असता तर तुमका खाली बघूक लागला असता. पण भावजी, वरच्या म्हाताऱ्यांची लाइन अडवू नका. माझा गेला ता गेला. तेवढा एक करा.”

मी हो म्हणालो. त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मी गुडघे धरून बसून तिला भाकऱ्या करायला लावत होते, आणि तुम्ही बघत होतात.”

भाद्रपद लागायच्या आधीची सभा आली. माणसं नेहमीपेक्षा जास्त होती, गणपतीला गावी जायची घाई सगळ्यांना. मीच म्हणालो, आज पुन्हा गाव लावा. अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण लावलं. पडद्यावर भावजय, गुरव, दोघे मानकरी, आणि मागे बौद्धवाडीचीही चार-पाच माणसं आली होती. माझा शाळासोबती गावी गेला होता, तोही कोपऱ्यात उभा होता. मी उठून उभा राहिलो आणि टीव्हीकडे तोंड केलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात एक टक्कल पडलेला म्हातारा दिसत होता. तो मी होतो.

म्हणालो, गेल्या वर्षी देवाने उजवा कौल दिला होता. डावा मी सांगितला. गावाला मंडळाने नाही म्हटल्याचं पत्रही मीच लिहिलं, मंडळाने तसं काही म्हटलं नव्हतं. माझ्या मनाला लागलं म्हणून लिहिलं.

बोलून झाल्यावर मी तसाच उभा राहिलो. गुरवाने मान खाली घातली. शाळासोबत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भावजयीने फोन दोन्ही हातांनी धरला होता, आणि मी देवाशपथ मनात म्हणत होतो, बंद कर, आत्ता बंद कर गो. तिने अंगठा हलवला नाही. माझ्या तोंडावरची एकेक सुरकुती गावाला दिसली असेल. लाइन शेवटपर्यंत एकदाही अडकली नाही.